हात सोडायची जागा

आमच्या हॉलमध्ये आडव्या बारवरून कुणी उडी घेऊन उतरलं, की सगळ्यांच्या माना एकाच दिशेनं वळायच्या. पोरगा बार सोडून हवेत गेला की सगळे गादीकडे बघायचे: उतरला कसा, पाय हलला का. इस्माईल तांबोळी सर मात्र बारकडेच बघत बसलेले असत. पोरगा उतरून, हात वर करून, टाळ्या घेऊन बाजूला झाला तरी त्यांची नजर रिकाम्या बारवर. बार अजून थरथरत असायचा. तो थांबला की मग ते म्हणायचे, "उशीर झाला," किंवा "लवकर सोडलास," आणि क्वचित कधीतरी नुसतंच "हं." त्या "हं"साठी पोरं महिना महिना घाम गाळायची.

मी त्यांना सात वर्षं जवळून पाहिलं. त्यातली दोन वर्षं त्यांच्या नजरेला नजर न देता पाहिलं. त्याचं कारण सांगितल्याशिवाय मला त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार नाही. ते मी सांगणार आहे, पण आधी माणूस सांगतो.

सर भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये टर्नर होते. पहिली पाळी करून साडेतीनला सुटायचे आणि पाचच्या ठोक्याला चिंचवड गावठाणाजवळच्या आमच्या हॉलवर हजर. राहायला देहूरोडला. त्यांचे वडील छावणीत शिंपी होते. लहानपणी शिवलेले कपडे पोचवायला जाताना मैदानातल्या बारवर जवान झोके घ्यायचे, ते बघत सर कुंपणापाशी उभे राहायचे. स्वतः कधी मोठे जिम्नॅस्ट झाले नाहीत. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "भीती वाटायची. खोटं कशाला बोलू? उलटं झालो की डोळेच मिटायचे. मग म्हटलं, आपण बघूया. बघायला कोण अडवतंय?"

पुढची तीस वर्षं ते बघत राहिले. खाकी पँट, पायात रबरी चप्पल, शर्टाच्या खिशात सहा इंचाची स्टीलची पट्टी आणि एक खडू. बसायला एक लाकडी स्टूल, तेही नेहमी बारच्या बरोबर बाजूला. समोरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही, असं त्यांचं मत होतं.

मी चाकणला पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे. मूळचा लातूरकडचा, पण आता इथलाच झालोय. माझी मुलगी हॉलवर शिकायला यायची. ती वर्षभरात कंटाळली, मी राहिलो. हॉलचे पंखे, पत्रे, नळ दुरुस्त करणारा फुकटचा माणूस मिळाला म्हणून समितीनं मला सभासद करून घेतलं. सर माणसांना त्यांच्या खात्याच्या नावानं हाक मारायचे. बँकेतले सभासद "ओ कॅशियर", शाळेतले "ओ हजेरी", आणि मी "मेंटेनन्स".

पहिल्याच महिन्यात मी त्यांना शहाणपणा शिकवायला गेलो होतो. म्हटलं, "सर, हा बार वाकतोय. खांबसुद्धा हलतात. बदलायला पाहिजे."

त्यांनी खिशातली पट्टी काढली, टेबलाच्या कडेवर अर्धी बाहेर ठेवून एका हातानं दाबून धरली. बाहेरच्या टोकावर खडूचा तुकडा ठेवला. ते टोक बोटानं खाली वाकवलं आणि सोडलं. खडू उडून पंख्याला लागला. मग त्यांनी तोच खडू टेबलाच्या लाकडावर ठेवला आणि मला म्हणाले, "आता हा उडवून दाखवा."

मी टेबलावर बुक्की मारली. खडू जागचा हलला नाही.

"बार वाकतो म्हणून पोरगा उडतो, मेंटेनन्स. तुमच्याकडं जे हलतं ते बिघडलेलं. आमच्याकडं जे हलत नाही ते बिघडलेलं."

मी हसलो. वाक्य आवडलं म्हणून कंपनीत चार जणांना सांगितलंही. पण डोक्यात शिरलं नव्हतं, हे पुढं कळलं.

त्यांचा सगळा ध्यास एकाच प्रश्नाचा होता: बार नेमका कुठं सोडायचा. बारवर हातांवर उलटं उभं राहून तिथून अख्खं वर्तुळ फिरायचं, याला पोरं जायंट म्हणतात. दोन-तीन जायंटमध्ये वेग घ्यायचा आणि मग खालून वर येताना हात सोडून द्यायचे. शरीर बारच्या उंचीला यायच्या किंचित आधी सोडलं, तर पोरगा वरही जातो आणि बारपासून लांबही. फार लवकर सोडलं तर लांब जातो पण उंची मिळत नाही, गिरकी पुरी व्हायच्या आत जमीन येते. उशिरा सोडलं तर वर जातो, आणि परत बारवरच येतो. हे शेवटचं सगळ्यात वाईट.

हे सगळं मला त्यांनी हॉलबाहेरच्या काळोख्यांच्या टपरीवर शिकवलं. एक दोरा, त्याला बांधलेला एक नट. दोरा गरगर फिरवायचा आणि सोडायचा. "बघा, नट ज्या दिशेला चाललाय त्याच दिशेला सुटतो. गोल फिरत नाही, सरळ जातो. फक्त कुठली सरळ, ते आपण ठरवायचं." पहिला नट रस्त्यापलीकडं गेला. दुसरा वर जाऊन समोर पडला. तिसऱ्या वेळी बोलण्याच्या नादात त्यांचा हात चुकला आणि नट पोह्यांच्या कढईत.

काळोखे मूळचे मावळातले, शांत माणूस. झारा थांबवून म्हणाले, "सर, आमच्या पोह्यात खडा निघतो कवा कवा. पर नट न्हाई निघाला अजून."

सर गंभीरपणे कढईत बघत म्हणाले, "उशिरा सुटला."

"तुमचा उशिरा सुटला, पर खानार कोन त्यो?"

सरांनी ती अख्खी प्लेट स्वतः मागून घेतली आणि नट बशीच्या कडेला काढून ठेवून पोहे संपवले.

त्यांचं दुसरं एक म्हणणं मला फार पटायचं, कारण ते आमच्या भाषेतलं होतं. "सोडायची जागा म्हणजे टाचणीचं टोक नव्हे," ते म्हणायचे. "तिला टॉलरन्स असतो, थोडं मागंपुढं चालण्याइतकी जागा. नवीन पोराचा टॉलरन्स एवढासा. डोळ्याची पापणी लवली की गेला. चांगला पोरगा काय करतो? तो जागा नेमकी पकडत नाही. तो खालून येतानाच शरीर असं ठेवतो की टॉलरन्स मोठा होतो. थोडं इकडं सोडलं, थोडं तिकडं सोडलं, तरी उतरतो." त्यासाठी ते पोरांना बारखालून जाताना अंग कमानीसारखं उलटं ताणायला लावायचे आणि मग कमरेतून पाय झटकन वर मारायला. आणि सांगायचे, "बार खाली वाकलाय, तो आता वर ढकलणार आहे. त्या धक्क्याची वाट बघ. धक्का आला की सोड. तुझ्या मनानं सोडू नको, बार सांगेल."

हे ऐकणारा आणि खरंच करणारा एकच निघाला, सागर. आईवडील बीडकडून आलेले, स्वतः आयटीआय करून चाकणलाच एका कंपनीत लागलेला. वीस वर्षांचा, बोलायला कमी. हवेत दोन गिरक्या घेऊन उतरण्याची उडी, जिला हॉलमध्ये नुसतं "डबल" म्हणत, ती आमच्याकडं आजवर कुणी केली नव्हती. सरांनी त्याच्यावर दीड वर्ष घातलं. ज्या दिवशी सागर पहिल्यांदा डबल करून दोन पायांवर उभा राहिला, त्या दिवशी सर बार थांबेपर्यंत बघत राहिले, मग म्हणाले, "हं," आणि बाहेर जाऊन तोंड धुवून आले.

आता माझं सांगतो.

जिल्ह्याच्या स्पर्धा आमच्या हॉलमध्ये व्हायच्या होत्या. आदल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एकटा शेवटची पाहणी करत होतो. बारचे दोन्ही खांब चार पोलादी वायरींनी जमिनीला ताणून धरलेले असतात आणि प्रत्येक वायरीच्या खालच्या टोकाला ताण कमीजास्त करायचा एक फिरता जोड असतो. मी वायरीला हात लावला तर ती मला ढिली वाटली. पाहुणे येणार, खांब डुलताना दिसले तर काय म्हणतील, असं मनात आलं. पाना घेतला आणि चारही जोड आवळले. दीड दीड फेरा.

पुढं जे केलं ते तर निव्वळ सवयीनं. कारखान्यात बोल्ट आवळला की त्यावर रंगाची एक रेघ मारतात, बोल्टवरून खालच्या भागावर जाणारी. रेघ सलग दिसली म्हणजे बोल्ट हललेला नाही. सरही टूलरूमचेच. त्यांनी आपला ताण लावून चारही जोडांवर पिवळी रेघ मारलेली होती. मी आवळल्यावर ती तुटली. तुटकी रेघ ठेवून घरी जाणारा मेंटेनन्सचा माणूस मी पाहिलेला नाही. थिनरनं जुनी रेघ पुसली आणि नवी, सरळ, सुंदर पिवळी रेघ मारली. कुणाला सांगायचं सुचलंही नाही. चांगलं काम करून घरी गेलो, जेवलो, झोपलो.

सर रोज सरावाआधी वायरीवर टिचकी मारून आवाजावरून ताण ओळखायचे. त्या सकाळी लाऊडस्पीकर लागलेला होता, काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी वाकून रेघा बघितल्या. चारही सलग. सागरनं अंग गरम करायला दोन जायंट मारले आणि खाली येऊन म्हणाला, "सर, आज बार कडक वाटतोय."

"पब्लिक बघून वाटतं तसं. खूण जागेवर आहे."

मी चार पावलांवर होतो. ऐकलं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला अभिमान वाटला, की कडक झालाय तो माझ्यामुळं.

सागरनं शेवटचा जायंट मारला, खालून गेला आणि धक्क्याची वाट बघत राहिला. आवळलेल्या खांबांवर तो धक्का लवकर येऊन गेला होता, आणि जेमतेम. तो थांबला, उशीर झाला, सोडलं. वर गेला आणि बारवर परत आला. टाचा बारला लागल्या, तो कलंडला आणि डाव्या हातावर पडला. कोपराखालचं हाड मोडलं. देवाची कृपा की तेवढ्यावर निभावलं.

आठवड्यानं समिती बसली. बार तोवर खोलून ठेवला होता. अध्यक्षांनी विचारलं, साधनात काही दोष होता का? सर उभे राहिले. म्हणाले, "साधन मी स्वतः तपासलं. खूण जागेवर होती. म्हणजे दोष शिकवण्यात आहे. सोडायची जागा मी चुकीची सांगितली."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होतो. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं. मी समोरच्या कपातला चहा बघत बसलो.

सरांना कुणी काढलं नाही. त्यांनीच स्वतःला काढलं. येत राहिले, पाचच्या ठोक्यालाच, पण बारवर पोरांना एका गिरकीच्या पुढं जाऊ देईनात. तीही लवकर सोडून, खालून, सुरक्षित. कुणी डबलचं नाव काढलं तर म्हणायचे, "ती जागा मला दिसत नाही." तीस वर्षं फक्त बघत आलेला माणूस हे म्हणत होता. हात बरा झाल्यावर सागर परत आला, त्यालाही तेच. मी पंखे दुरुस्त करत राहिलो, नेहमीपेक्षा जास्त. गरज नसताना हॉलला रंग दिला. त्यांच्या स्टुलाला नवे पाय बसवले. हे सगळं मी कशासाठी करत होतो ते मला माहीत होतं आणि त्यानं काहीही होत नव्हतं.

दोन वर्षं अशी गेली. मग एका सोमवारी सागर चाकणला आमच्या गेटवर येऊन थांबला. पाळी सुटायची वेळ.

"काका, सर मला पाठवतायत. दुसऱ्या एका सरांकडं, पुण्याला. म्हणाले, तुझी वर्षं माझ्याकडं फुकट चाललीत. तुम्ही सांगा ना त्यांना."

"तुला जायचंय का?"

"मला डबल करायचंय," तो म्हणाला. "पण त्यांच्याकडंच."

तळवड्यापर्यंत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून होतो आणि मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं, की हात मोडला ते माझ्या हातून चुकून झालं होतं, पण सरांचे डोळे मी जाणूनबुजून काढून घेतले होते.

मी घरी न जाता तसाच देहूरोडला गेलो. सरांच्या पत्नीनं, भाभींनी, दार उघडलं, चहा टाकायला आत गेल्या. सर पलंगावर बसून पायाला तेल चोळत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पाना, दीड फेरा, थिनर, रेघ, समितीतला चहा. काही गाळलं नाही.

ते तेलाचा हात तसाच धरून बसले. मग म्हणाले, "दोन वर्षं मी पोरांना खालीच ठेवलं, गायकवाड."

सात वर्षांत त्यांनी माझं आडनाव पहिल्यांदा उच्चारलं. त्यांना ते माहीत आहे हेही मला माहीत नव्हतं.

"हो, सर."

"रेघ तुम्ही मारली होती?"

"हो."

"सरळ होती हो," ते म्हणाले. "माझी इतकी सरळ येत नाही. तिथंच कळायला हवं होतं मला." मग एकदम विचारलं, "दीड फेरा? चारही? नक्की?"

"नक्की."

त्यांनी भाभींना हाक मारून कागद मागितला. तेलकट बोटांनीच त्यावर वर्तुळ काढलं, बार काढला, एक बाण, दुसरा बाण. मला वाटलं ते माझ्याकडं बघायचं टाळतायत. तसं नव्हतं. ते मला विसरले होते. भाभी चहा घेऊन आल्या आणि माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "क्या हुआ, भाईसाब?" मी काही बोलायच्या आत सरच म्हणाले, "माझी जागा बरोबर होती." भाभींपुढं कागद धरून त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "हे बघ. इथं. बरोबर होती."

चहा पिताना मात्र त्यांनी मला सोडलं नाही. "मला सांगून भागत नाही. हात सागरचा मोडला. त्याला सांगायचं, आणि समितीलाही, उभं राहून." कप खाली ठेवून म्हणाले, "पोरगा मला म्हणाला होता कडक आहे म्हणून. मी रेघेचं ऐकलं, त्याच्या हातांचं नाही. ते माझं. तेवढं तुमच्या चुकीत घालू नका."

दुसऱ्या दिवशी मी सागरला हॉलवर सांगितलं. तो शिव्या देईल, अंगावर येईल, अशी तयारी करून गेलो होतो. तो सरांकडं वळून म्हणाला, "मी म्हणालो होतो ना सर? म्हणालो होतो कडक आहे." त्याचा चेहरा फुललेला. मोडलेल्या हाताचं त्या दोघांनाही काही वाटत नव्हतं. मला क्षणभर थोडा रागच आला, इतका मोठा गुन्हा मी घेऊन आलो होतो आणि तो ठेवायला कुणी जागाच देत नव्हतं.

मग सरांनी मला पाना दिला. "त्या दिवशी जेवढे आवळले तेवढे आवळा." मी चारही जोड दीड दीड फेरा आवळले. सागर बारला लटकला, चार झोके घेतले, एक जायंट मारला आणि उतरला.

"हाच," तो म्हणाला. "त्या दिवशीचा बार हाच."

"आता सोडा परत."

मी दीड फेरा मागं सोडला. सागरनं पुन्हा जायंट मारला. ह्या वेळी बार खाली दबला आणि त्याला वर घेऊन आला, ते माझ्यासारख्यालाही दिसलं. सागर खाली उतरल्यावर सरांनी त्याला विचारलं, "हातांना काय वाटलं?" हा प्रश्न त्यांनी पूर्वी कधी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. आता ते तो रोज, रेघ बघायच्या आधी विचारतात.

समितीपुढं मी उभा राहिलो. अध्यक्ष बरंच बोलले, ते बरोबरच होतं. माझं सभासदत्व गेलं. पंखे अजून मीच बघतो.

सागरला डबल परत यायला पाच महिने लागले. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी त्यानं ती केली, जाड गाद्यांवर, एक पाय थोडा मागं पडला पण उभा राहिला. पोरांनी आरडाओरडा केला, त्याला उचललं, सगळी वरात काळोख्यांच्या टपरीकडं गेली. मी गाद्या आवरायला मागं राहिलो.

वळून बघतो तर सर स्टुलावर चढलेले. चप्पल काढलेली, हाताला पोरं पकडीसाठी लावतात ती पांढरी मॅग्नेशियमची पावडर फासलेली, एकसष्ट वर्षांचा माणूस. त्यांनी दोन्ही हातांनी बार धरला आणि पायानं स्टूल बाजूला लोटून दिलं. नुसते लटकले. झोका नाही, काही नाही. शर्ट वर सरकून पोट दिसत होतं. बार मधोमध थोडा वाकला आणि त्यांना हळूहळू वरखाली करू लागला. त्यांनी डोळे मिटून घेतले. ऊन खात बसलेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा.

बराच वेळ गेला. मग डोळे न उघडताच म्हणाले, "कुणी आहे का?"

"मी आहे, सर."

"गुडघे उडी मारू देणार नाहीत. स्टूल लांब गेलं वाटतं."

मी गाद्या टाकून धावलो आणि खालून त्यांच्या मांड्यांना दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली. पाय रोवले. त्यांच्या पँटला तेलाचा आणि पावडरीचा वास येत होता.

"धरलंय नीट?"

"धरलंय."

त्यांनी हात सोडले.